दशकातला आवडता चित्रपट : कोणाचा आणि कशासाठी?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयात कधीच एकमत होत नाही असा विषय कोणता, असे विचारले तर परीक्षेचे वेळापत्रक असे उत्तर देणारे पुष्कळ निघतील. माझ्या मते त्याहूनही मोठा वादाचा विषय म्हणजे चित्रपट. ‘गेल्या दहा वर्षांतला सर्वांत चांगला चित्रपट कोणता?’ हा प्रश्न कॅन्टीनमध्ये एकदा निघाला की चहा गार होतो, तास चुकतो, आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलेही तावातावाने बोलू लागतात. २०१६ ते २०२५ या काळातल्या चित्रपटांवर आमच्या मित्रमंडळींत जो वाद गेले वर्षभर चालला आहे, तो मी बराचसा ऐकून घेतला. आता थोडे बोलावे असे वाटते.

या वादात ढोबळमानाने तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष गल्ल्याचा. जो चित्रपट जास्त चालला तो चांगला, हे त्यांचे सरळ गणित. त्यांचे हुकमाचे पान म्हणजे ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६ रोजी तो लागला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. पुढे कन्नड, पंजाबी, ओडिया आणि हिंदीतही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. एवढा पुरावा असताना आणखी काय हवे, असे ते विचारतात.

दुसरा पक्ष पुरस्कारांचा. यात आमचे काही प्राध्यापकही आहेत, म्हणून जरा जपून लिहिते. त्यांच्या यादीत ‘कासव’ असतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यांच्या यादीत चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ असतो, ज्याला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले. आणि २०२५ पासून रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ असतो, कारण अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रांच्या स्पर्धेतला सर्वोच्च मान त्याने मिळवला.

तिसरा पक्ष संख्येने सर्वांत मोठा आणि आवाजानेही. त्यांना मराठीत दहा वर्षांत काही घडले आहे हेच मान्य नाही. ‘बाहुबली’चा दुसरा भाग, ‘केजीएफ’, ‘पुष्पा’, ‘आरआरआर’ ही त्यांची दैवते. २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षे सारा देश कट्टप्पाने बाहुबलीला का मारले हे विचारत होता, असा कोणता मराठी चित्रपट आहे ते सांगा, असे ते आव्हान देतात.

या तिन्ही पक्षांशी माझे भांडण नाही. ज्याची त्याची आवड. परंतु तिघांचेही बोलणे ऐकताना मला एक गोष्ट सारखी खटकते. गल्ल्याचा पक्ष तिकिटे मोजतो, पुरस्कारांचा पक्ष पदके मोजतो आणि तिसरा पक्ष पडद्यावरची माणसे, हत्ती आणि तोफा मोजतो. तो चित्रपट कोणाला पाहायला मिळाला आणि पाहणाऱ्याच्या घरात त्यानंतर काय बोलले गेले, हे मात्र कोणीच विचारत नाही. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

मी हे का म्हणते ते सांगते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. घरात पंचांग आणि माझी क्रमिक पुस्तके सोडली तर छापील असे काही नाही. ज्या घरात पुस्तकांचे कपाट असते तिथे जगाची ओळख पुस्तकांतून होते. आमच्यासारख्या घरांत ती पडद्यावरून होते, मग तो पडदा जत्रेतल्या तंबूतला असो, दूरदर्शन संचाचा असो किंवा भावाच्या हातातल्या मोबाइलचा असो. कलेक्टर कसा बोलतो, कोर्टात काय चालते, शहरातल्या मुली कशा राहतात, हे सारे आम्ही आधी पडद्यावर पाहिले. म्हणून आमच्यासाठी चित्रपट ही निव्वळ करमणूक राहत नाही. ती आमची पहिली शाळा ठरते, आणि शाळा चांगली की वाईट हा प्रश्न तर गंभीरच असतो.

या शाळेची दारे मात्र सर्वांना सारखी उघडी नाहीत. पूर्वी महाराष्ट्रात जत्रेजत्रेतून फिरते सिनेमे जात. ट्रकमधून यंत्र, कनात आणि रिळांचे डबे यायचे, आणि चार बांबू ठोकले की थिएटर उभे राहायचे. या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. ज्या वर्षी ‘सैराट’ गावोगाव गाजत होता त्याच वर्षी तंबूतल्या सिनेमाची ही अखेरची घरघर जगाने पाहिली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. रिळे गेली, त्यांच्या जागी डिजिटल यंत्रे आली, ती बहुतेक तंबूवाल्यांना परवडली नाहीत. तालुक्याच्या गावची जुनी थिएटरे कुठे मंगल कार्यालये झाली, कुठे नुसतीच कुलूपबंद आहेत. मग करोना आला आणि मार्च २०२० पासून बराच काळ चित्रपटगृहे बंदच राहिली.

आता कोणी म्हणेल, मोबाइलवर सारे मिळते की. मिळते, पण कोणाला? ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याला. ‘द डिसायपल’ एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्याचे महिन्याचे पैसे भरणारे घर आमच्या गावात मला तरी माहीत नाही. शिवाय घरात एक मोबाइल असला तर तो भावाच्या खिशात असतो. बहिणीला तो अभ्यासापुरता, आणि तोही कोणीतरी शेजारी बसलेले असताना. ज्या मैत्रिणी वादात गप्प बसतात त्यांना मत नसते असे मुळीच नाही. त्यांनी तो चित्रपट पाहिलेलाच नसतो, आणि ‘मी पाहिला नाही’ हे चारचौघांत म्हणायला संकोच वाटतो. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळाल्याची बातमी आमच्या तालुक्यात पोहोचली, ‘कासव’ पोहोचला नाही. त्यात मनाने खचलेल्या एका तरुणाची गोष्ट आहे आणि त्याला न हिणवता जपणाऱ्या माणसांची. आपल्या वसतिगृहातल्या किती मुलांना तो पाहायला हवा होता! पदकाची ज्याला गरज होती त्याला पदक मिळाले, चित्रपटाची ज्यांना गरज होती त्यांना चित्रपट मिळाला नाही.

उलट बाजूही सांगते. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. आमच्या वादात त्याचे नाव निघाले की मुले हसतात. ‘तो बायकांचा सिनेमा’ एवढे म्हटले की त्यांचे परीक्षण संपते. पण त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या अकरा बायका टेम्पो ठरवून तालुक्याला तो पाहायला गेल्या. त्यांत माझी आई होती. लग्नानंतर ती प्रथमच थिएटरात गेली होती. चित्रपटात सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात आणि खेळता खेळता आपापली दुखणी उघडी करतात. कथा बेताची आहे, काही प्रसंग ओढूनताणून आणलेले आहेत, हे मीही मान्य करते. परंतु आई परत आल्यावर रात्री भाकरी थापताना स्वतःच्या बहिणींबद्दल जे बोलली ते मी एकोणीस वर्षांत कधी ऐकले नव्हते. कोणत्या मावशीशी बोलणे कशावरून तुटले, कोणाच्या लग्नात काय कमी पडले, आणि आजोबा गेल्यावर माहेर कसे परके झाले. ज्या चित्रपटाने माझ्या आईला बोलते केले त्याला मी तरी हसणार नाही. तो दशकातला श्रेष्ठ चित्रपट आहे असेही मी म्हणणार नाही. पण हसण्याआधी तो कोणासाठी होता हे पाहावे, एवढीच माझी विनंती.

आता ‘सैराट’कडे वळते, कारण त्याला टाळून हा वाद पुढे जाऊच शकत नाही. ‘सैराट’ आला तेव्हा मी चौथीत होते. लग्नाच्या वरातीत, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याची गाणी वाजत आणि आम्ही सारे नाचत असू. ट्रॅक्टर चालवणारी, बुलेटवर बसणारी, पाटलाच्या पोरीच्या तोऱ्यात बोलणारी आर्ची ही आमच्यासाठी नवलाईच होती. आजही गल्ल्याचा पक्ष ‘सैराट’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मध्यंतरापूर्वीचा ‘सैराट’ असतो. मध्यंतरानंतर हैदराबादेतली ती झोपडी, कारखान्यातले काम, दोघांचा संसार आणि संशय, आणि शेवटी सारा आवाज बंद होऊन उरलेली त्या लहान मुलाची रक्ताची पावले, हे सारे वादात येतच नाही. नागराज मंजुळे यांनी आधी ‘फँड्री’त शेवटी एक दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावला होता. तो आपल्याला नीट लागला नाही म्हणून त्यांनी आपल्याला आधी नाचवले आणि मग गप्प केले, असे मला वाटते. आपण मात्र नाचायचे तेवढे लक्षात ठेवले आणि गप्प व्हायचे विसरलो.

आणखी एक गोष्ट सांगते. ‘सैराट’ पाहून पोरी बिघडतात, पळून जाण्याची बुद्धी त्यांना सिनेमा देतो, अशी चर्चा त्या वेळी पारावर आणि वर्तमानपत्रांतही रंगली. आमच्या नात्यातल्या एका बारावीच्या मुलीची शिकवणी त्याच उन्हाळ्यात बंद झाली. तिचा दोष काय, तर तिने तो चित्रपट दोनदा पाहिला. म्हणजे ज्या चित्रपटात मुलीला तिच्याच घरचे लोक मारतात, तो पाहून लोकांनी मारणाऱ्यांना जाब विचारला नाही, मुलींनाच घरात डांबले! यात चित्रपट हरला असे मी म्हणत नाही. पण शंभर कोटी म्हणजे विजय असे मानणाऱ्यांनी हाही हिशेब मांडावा.

तर मग माझा कौल कोणाला? वाद ऐकून गंमत पाहणे मला पसंत नाही, म्हणून स्पष्टच सांगते. माझ्या मते या दहा वर्षांतला आपला, म्हणजे आपल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींचा, सर्वांत महत्त्वाचा चित्रपट जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा आहे. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात तो गौरवला गेला, आणि महाराष्ट्रात प्रदर्शित व्हायला ७ मार्च २०२५ उजाडला. आमच्या तिन्ही पक्षांपैकी फारच थोड्यांनी तो पाहिला आहे. मी तो मावसबहिणीकडे जिल्ह्याच्या गावी राहायला गेले असताना पाहिला.

त्यात घडते ते एवढेच : चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव या खेड्यातली सविता बी. ए. करते आहे. विषय समाजशास्त्र. तिला शिकायचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. वडील कापसाचे शेतकरी. आणि घरात एकामागून एक स्थळे येत राहतात. पाहुणे बसतात, मुलगी येते, पाटावर बसते. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, आवड कशाची? प्रत्येक वेळी तेच प्रश्न, तीच उत्तरे, आणि मग तोच नकार. एकदा, दोनदा, तीनदा. पाहणाऱ्याला वाटते, पुरे आता. पण सविताला ‘पुरे’ म्हणायची सोय नाही.

काम करणारी माणसे त्याच मुलखातली आहेत, कॅमेऱ्याची सवय नसलेली. भाषा तिकडची आहे. गाण्यावर नाच नाही, खलनायक नाही. सविताचे वडील वाईट नाहीत, पाहुणेही राक्षस नाहीत. सारे जण रीतीप्रमाणे वागतात, आणि त्या रीतीनेच ती मुलगी हळूहळू विझत जाते. मला ‘सैराट’पेक्षा ‘स्थळ’ अधिक जवळचा वाटतो तो याच कारणाने. आर्ची हजारांत एखादी. तिच्या बंडाची बातमी होते. सविता दर दोन घरांआड आहे आणि तिची बातमी कधी होत नाही. आर्चीच्या घरच्यांनी तलवार उचलली. सविताच्या घरी चहा आणि पोहे होते. पोह्यांच्या बशीनेही आयुष्य कापता येते हे या चित्रपटाने दाखवले.

मित्रहो, हे मी लांबचे बोलत नाही. प्रथम वर्षात माझ्या बाकावर आम्ही तिघी बसत होतो. द्वितीय वर्षात मी एकटी आहे. एकीचे लग्न दिवाळीनंतर झाले, दुसरीचे परीक्षेच्या आधी. दोघीही माझ्यापेक्षा हुशार होत्या. एकीच्या निबंधाची प्राध्यापकांनी वर्गात वाचून तारीफ केली होती. हजेरीपटावर त्यांच्या नावांवर रेघ मारली गेली आणि आम्ही पुढचे पान उलटले. आपल्या महाविद्यालयाच्या अहवालात किती मुली उत्तीर्ण झाल्या हे छापले जाते. किती मुली ‘पसंत पडल्यामुळे’ परीक्षेला बसल्या नाहीत, हे कोठे छापले जात नाही. ‘स्थळ’ने ते पडद्यावर मांडले. म्हणून तो माझा दशकातला चित्रपट.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करते. पहिला, की हा प्रचार झाला, कला नव्हे. ‘स्थळ’मध्ये कोणी भाषण करत नाही, उपदेश करत नाही. तो तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतो आणि त्या पुनरावृत्तीतूनच अर्थ उभा करतो. मांडणीतून अर्थ उभा करणे यालाच कला म्हणतात, असे आम्हाला वर्गात शिकवले आहे. दुसरा आक्षेप, की असले चित्रपट लोकांना नको असतात, लोकांना चार घटका विरंगुळा हवा असतो. विरंगुळा हवाच. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाला तुम्ही दुःखाचेच दर्शन घडवा असे मी म्हणत नाही. पण लोकांना काय हवे हे त्यांना दाखवल्याशिवाय कसे ठरवायचे? प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला. तो मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसमध्येही वाखाणला गेला. अलीकडचे उदाहरण २०१८ च्या ‘नाळ’चे. लहान मुलाच्या मनाची ती साधी गोष्ट लोकांनी उचलून धरली आणि राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळाले. तेव्हा चांगला चित्रपट आणि लोकांचा चित्रपट यांत जन्मजात वैर आहे असे मानायचे कारण नाही. दोघांमध्ये जो उभा आहे तो वितरक आहे, तिकिटाचा दर आहे, सकाळी नऊचा एकमेव खेळ आहे आणि आपली उदासीनता आहे.

पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत. चौथी आहे. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले आणि जे चित्रपट एरवी पाहायला मिळाले नसते ते वर्गणी काढून रसिकांनी पाहिले. आपल्या महाविद्यालयात सभागृह आहे, पडदा आहे, प्रक्षेपक यंत्रही आहे. ते वर्षातून दोनदा प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारापुरते उघडते. रीतसर परवानगी आणि निर्मात्याचे शुल्क भरून दर महिन्याला एक चित्रपट तिथे का दाखवू नये? अट एकच, तो दुपारी दाखवावा. आम्हा खेड्यांवरून येणाऱ्या मुलींची शेवटची एस. टी. साडेपाचला सुटते, आणि ती चुकली तर दुसऱ्या दिवशी महाविद्यालयच चुकते. संध्याकाळचा खेळ ठेवला तर तो पुन्हा मुलांचाच होईल. आणि चित्रपट संपल्यावर अर्धा तास चर्चा व्हावी, जिच्यात आधी मुलींनी बोलावे.

आणखी एक सुचवते. वर्षातून एकदा ‘स्थळ’ पालकांना बोलावून दाखवावा. निकालाच्या दिवशी, गुणपत्रिका घ्यायला वडील येतात तेव्हा. त्यांना व्याख्यान देऊ नये, पत्रकही वाटू नये. पाटावर बसलेली सविता त्यांच्याकडे पाहील, तेवढे पुरे. शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गल्ल्याच्या पक्षाने खुशाल कोटी मोजावेत, पुरस्कारांच्या पक्षाने पदके मोजावीत. माझी मोजदाद साधी आहे. पुढच्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात आम्ही किती जणी असू, एवढेच मी मोजणार आहे.